दुपारचे थांबे

१

फिटरच्या घोरण्यावर घरात वीस वर्षं थट्टा चालली. मुक्कामी आलेले पाहुणे उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला जायचे. सकाळी बायको चहा देताना म्हणायची, "यांनी कंपनीतला जुना कॉम्प्रेसर घरी आणलाय, त्याला मी तरी काय करू?" पण घोरणं बंद पडल्यावर काय होतं, ते तिला एकटीलाच माहीत होतं. मध्येच सगळं शांत व्हायचं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी चाळीस. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा तो हवा ओढायचा आणि पुन्हा गाडी सुरू व्हायची. ती जागी पडून सेकंद मोजत राहायची. याला आजार म्हणतात, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तो पडला. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत याचा श्वास तासाला बावन्न वेळा थांबतो. त्यावर उपाय म्हणून चपलांच्या खोक्याएवढं एक मशीन घरात आलं. नळीतून हवा सोडायची, पुढे नाकावर मास्क, म्हणजे घसा मिटत नाही. मास्क लावून दोन श्वास घेतले की मशीन आपोआप सुरू होतं, आणि काढून ठेवलं की आपोआप बंद होतं. "एक रात्रसुद्धा याच्याशिवाय झोपायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी जाग येईलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

असं असताना कंपनीने त्याला परदेशात पॅकिंग लाइन बसवायला पाठवायचं ठरवलं. तीन आठवडे. बायको आठवडाभर बोलली नाही. शेवटी मुलीने तोड काढली. हे मशीन प्रत्येक झोपेचा हिशेब थेट फोनवर पाठवतं. किती वाजता सुरू झालं, किती वाजता बंद झालं, श्वास किती वेळा थांबला, प्रत्येक वेळी किती सेकंद. तो रिपोर्ट मुलीच्या फोनवर यायचा. अडलेल्या श्वासांना ती 'थांबे' म्हणायची.

"मी रोज थांबे मोजणार," ती म्हणाली. "एकाही दिवशी रिपोर्ट बिघडला, तर बाबा, दुसऱ्या विमानाने परत. कंपनी गेली खड्ड्यात."

"अगं, पण लाइन अर्धवट..."

"तुमच्याशिवाय लाइन चालेल. आमचं नाही चालणार."

त्याने मान डोलावली.

२

विमानतळावर तपासणीवाल्याने मशीन बाहेर काढून उलटंपालटं केलं. फिटरने मास्क नाकाला लावून, डोळे मिटून, मान टाकून दाखवली. मागच्या रांगेतली बाई दचकून दोन पावलं सरकली. तपासणीवाला मात्र हसला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो म्हणाला, "माझा बापपण." मग त्याने मशीन लहान मूल ठेवावं तसं अलगद बॅगेत ठेवलं.

खोली कारखान्यापासून दहा मिनिटांवर होती, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण एकटी राहायची. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, सतत घाईत. ती त्याच कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर होती, आणि बाहेरून येणाऱ्या फिटर लोकांना कारखाना तिची खोली देत असे. दोघांमध्ये समाईक असे तीसेक शब्द होते. बाकीचं काम फोन भाषांतर करून भागवायचा.

खोलीत एक पलंग, एक कपाट, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि जाड तपकिरी पडदा. प्लगची जागा पलंगापासून लांब, दाराजवळ. फिटरने वायर जोडून मशीन उशाशी आणलं, टाकीत बाटलीतलं शुद्ध पाणी भरलं आणि झोपला. सकाळी मुलीचा निरोप: "दोन थांबे. शाब्बास." दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एक. परक्या मुलखात आपण घरच्यापेक्षा बरे झोपतोय, याची त्याला जराशी लाजच वाटली.

३

पाचव्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, दुपारी झोपलात?"

"दुपारी? मी कामावर होतो."

"मग हे काय? दहा वाजून दहा मिनिटं ते दोन पन्नास. आणि थांबे..." तिचा आवाज घसरला. "तासाला एकसष्ट, बाबा. एक तर सत्तर सेकंदांचा आहे. खरं सांगा, बरं नाहीये का तुम्हाला?"

फिटरने पलंगाकडे पाहिलं. मशीन उशाशी होतं, मास्क खुंटीला टांगलेला. सकाळी तसाच ठेवून गेला होता तो. की नव्हता?

"घड्याळ चुकलं असेल मशीनचं," तो म्हणाला. "तिकडची वेळ, इकडची वेळ. गोंधळलंय."

फोन ठेवून त्याने घड्याळ तपासलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग त्याच्यातला फिटर जागा झाला. यंत्र खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस, असं तो शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचा. त्याने मास्क हातात घेतला. आतून ओलसर होता. सकाळी भरलेली टाकी अर्ध्यावर आली होती. आणि मास्कचे पट्टे, जे त्याच्या दांडग्या डोक्याला शेवटच्या खुणेपर्यंत सैल करावे लागायचे, ते दोन्ही बाजूंनी अगदी आत, पार टोकापर्यंत ओढून घेतलेले होते. त्याने मास्क चेहऱ्याला लावून पाहिला, तर मागे वीतभर कमी पडला. एवढ्या मापाचा चेहरा म्हणजे अगदीच वाळलेला माणूस असणार, हा विचार मनात आला आणि त्याने मास्क खाली ठेवला.

आधी संशय घरमालकिणीवर गेला. पण अकरा वाजता ती पॅकिंगच्या टेबलावर खोकी दुमडत होती, त्यानेच तिला हात केला होता. आणि तिचा चेहरा चांगला पुरणपोळीसारखा भरलेला होता. दाराचं कुलूप शाबूत, खिडकीची कडी आतून. फिटरने खोली कोपरा न कोपरा पाहिली, पलंगाखाली टॉर्च मारला, आणि आपण काय शोधतोय हे स्वतःला न विचारता हातपाय धुऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहा ते तीन. अठ्ठावन्न थांबे.

"आईला सांगू का?" मुलीने विचारलं.

"नको नको. लाइनमध्ये लोचा आहे म्हणून कारखाना सध्या सकाळीच सोडतो गं. मास्क नीट बसला नसेल. उद्यापासून बघतो." मुलीशी तो सहसा खोटं बोलत नसे. आपलं खोटं इतकं सहज वठलं, याचाच त्याला धक्का बसला.

४

बुधवारी सकाळी निघताना त्याने मशीन, नळी, मास्क सगळं सूटकेसमध्ये भरलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आता बघू या म्हणाला, कोण वापरतं ते.

दिवसभर काम झकास झालं. रिपोर्ट आला नाही. संध्याकाळी शीळ घालत तो घरी पोचला तर घरमालकीण जिन्याच्या तळाशी उभी. बुधवार तिच्या सुट्टीचा दिवस. तिने त्याला नखशिखांत पाहिलं, मग फोनमध्ये काहीतरी बोलून फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर मराठी उमटलं: "तुम्ही ठीक आहात? दुपारी फार घाबरले."

"काय झालं?" त्याने विचारलं.

तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. श्वास ओढून दाखवला, कोंडलेला, घरघरणारा. मग तोंड उघडं ठेवून ती नुसतीच थांबली. किती तरी वेळ. मग ती पुन्हा फोनमध्ये बोलली. "वरून येत होतं. थांबलं की मी तुमचं दार वाजवायची. वाजवलं की परत सुरू. तीन तास मी जिन्यात बसून दार वाजवलं. तुम्ही आतून उघडलं का नाही?"

तिचे डोळे सुजलेले होते. उजव्या हाताची बोटं लाल झाली होती. मी कामावर होतो, हे शब्द फिटरच्या जिभेवर आले आणि त्याने गिळले. "माफ करा," एवढंच तो म्हणाला. त्याला खरोखर अपराधी वाटत होतं, आणि ते तिच्याबद्दल नव्हतं.

वर जाऊन त्याने सूटकेस उघडली. मशीन उशाशी मांडलं. उशीचा अभ्रा एका बाजूने ओलाचिंब होता. त्याने तो बदलला, आणि पलंगाच्या कडेला बसून राहिला. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण भीतीपेक्षा मोठं होतं ते दुसरंच. तासाला एकसष्ट वेळा बुडणं म्हणजे काय, ते जगात ज्या थोड्यांना ठाऊक असेल त्यांत तो एक होता.

"घ्या हो," तो रिकाम्या खोलीला हळूच म्हणाला. "मी दिवसा नसतोच."

५

त्यानंतर पाळी लागली. रात्री तो, दिवसा ते. सकाळी निघताना तो टाकी काठोकाठ भरायचा, मास्क पुसून पट्टे आत ओढून ठेवायचा, पडदा लावायचा. संध्याकाळी पट्टे पुन्हा सैल करायचा. कारखान्यातसुद्धा रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीच्या माणसासाठी यंत्र पुसून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

थांबे उतरू लागले. चाळीस. एकतीस. बावीस. "दुपारची डुलकी मानवली म्हणायची तुम्हाला," मुलगी म्हणाली. त्याला वाटलं नव्हतं इतका आनंद झाला. हे कोणाचं कौतुक आपण स्वीकारतोय, हा प्रश्न त्याने बाजूला सारला.

तिसऱ्या आठवड्यात एकदा वीज गेली म्हणून कारखाना खरोखरच बारा वाजता सुटला. घराकडे वीज होती. फिटर जिना चढला, दारात किल्ली घातली आणि थबकला.

मशीन चालू होतं. मास्क नुसता पडलेला असला की हवा फसफस बाहेर जाते, तो आवाज निराळा. हा तो नव्हता. हा दबलेला होता, वर जाणारा, खाली येणारा. तीस वर्षं कानाने यंत्रं ओळखणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. मास्क कोणाच्या तरी चेहऱ्याला चिकटून बसला होता.

चपला त्याने बाहेरच काढल्या. का, कोण जाणे. दार चार बोटं उघडलं.

पडद्यामुळे आत तपकिरी उजेड होता. उशी मधोमध दबलेली. तिच्यावर मास्क, पट्टे गोलाकार ताणलेले, आत पोकळी. मास्कच्या पारदर्शक भागावर वाफ धरत होती आणि विरत होती. धरत होती, विरत होती. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असावी तशी होती, आणि तिची कड एका ठिकाणी घट्ट गोळा झाली होती, झोपेत मुठीत धरावी तशी.

मग वाफ धरेनाशी झाली.

फिटर दाराला धरून उभा होता. पाच. दहा. चौदा. चादरीची कड अजून आवळली गेली. शेवटी त्याने दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केलं, हलकेच, आजाऱ्याच्या खोलीत करावं तसं.

वाफ आली. कड सैल झाली.

त्याने दार ओढून घेतलं आणि तीन वाजेपर्यंत जिन्यात बसून राहिला, चपला मांडीवर घेऊन.

६

निघायचा दिवस उजाडला. शुक्रवार. मशीन सकाळीच बॅगेत भरायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण हात झाला नाही. सह्या करायला कारखान्यात अर्धा दिवस जायचंच आहे, आल्यावर भरू, असं म्हणून त्याने टाकी भरली आणि पट्टे आत ओढले.

साडेबाराला तो परत आला. विमानतळाची गाडी खाली उभी होती. घरमालकीण कामावर होती, किल्ली तिच्या पत्रपेटीत टाकायची होती. दाराआडून तोच दबका आवाज येत होता.

तो आत गेला. या वेळी पलंगाकडे न बघता, नजर मशीनवर ठेवून. बटणावर बोट ठेवलं. "मला लागतं हो ते," तो म्हणाला. "वीस तासांचा प्रवास आहे. घरी लेक आहे, बायको आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." आणि बटण दाबलं.

खोली एकदम शांत झाली. वाफ विरली. त्याने मोजलं. वीस. तीस. चाळीस. धडपड नाही, घरघर नाही. फक्त चादरीची कड आवळत आवळत पांढरी झाली. पन्नास. बायकोने असे किती सेकंद मोजले असतील, किती रात्री, हे फिटरला त्या क्षणी उमगलं आणि त्याचे डोळे भरून आले. साठाव्या सेकंदाला त्याने पुन्हा बटण दाबलं.

वाफ आली.

खाली गाडीवाल्याने हॉर्न मारला. फिटरला जागं राहता येत होतं. एक रात्र, फार तर दोन. घरी गेल्यावर दुसरं मशीन घेता येईल. पलंगावर जे होतं त्याला यातलं काहीच करता येत नव्हतं. हिशेब इतका सरळ होता.

घरमालकिणीला निरोप लिहायला त्याने फोन काढला. पण लिहिणार काय? खोलीत कोणी नाही, फक्त त्याला उठवू नका? दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. हॉर्न पुन्हा वाजला. तेव्हा त्याने हत्यारांच्या पिशवीतून लाल कार्ड काढलं. त्यावर नुसता हाताचा पंजा असतो. फिटर दुरुस्तीसाठी यंत्राच्या पोटात शिरला की बाहेर बटणावर ते लटकवतो. जगातल्या कुठल्याही कारखान्यात त्याला भाषा लागत नाही. माणूस आत आहे, सांभाळा. आणि ही बाई तर कारखान्यातलीच होती.

त्याने कार्डाची दोरी मशीनच्या बटणावर अडकवली, टाकी काठोकाठ भरली, पाण्याची उरलेली बाटली शेजारी ठेवली, आणि दार लोटून घेतलं.

७

विमानात त्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही. कॉफीवर कॉफी प्यायला, मांडीला चिमटे काढले, फेऱ्या मारल्या. हवाई सुंदरीने विचारलं, काही त्रास होतोय का? "नाही," तो म्हणाला, "पाळी आहे माझी." तिला काही कळलं नाही. उतरेपर्यंत त्याचे डोळे लाल झाले होते, पण मन हलकं होतं. आयुष्यात काहीतरी बरं केल्यासारखं वाटत होतं.

सामानाच्या पट्ट्यापाशी त्याने फोन चालू केला. घरमालकिणीचा निरोप आला होता, तासाभरापूर्वीचा. भाषांतर फोननेच केलेलं.

"घाईत तुम्ही तुमचं यंत्र विसरलात. आज खोली झाडायला गेले तर ते चालूच. आणि त्यावर लाल कार्ड! कार्ड असताना यंत्र चालू, माझ्या काळजात धस्स झालं. आमच्याकडे असं करणाऱ्याची नोकरी जाते. मी लगेच बंद केलं. देवाची कृपा, कोणाचा हात आत नव्हता. यंत्र टपालाने पाठवते."

फिटरने निरोप पुन्हा वाचला. कार्डाचा अर्थ तिला बरोबर ठाऊक होता. कार्ड असेल तिथे बटण बंद हवं, बंदच राहायला हवं. हे त्यानेच शेकडो पोरांना शिकवलं होतं. तीस वर्षांत चालू यंत्रावर त्याने ते कधी, एकदाही लटकवलं नव्हतं. सामानाचा पट्टा त्याच्यासमोरून फिरत राहिला, त्याची सूटकेस दोनदा येऊन गेली.

बाहेर मुलगी उभी होती. तिने धावत येऊन त्याला मिठी मारली, मग हातातल्या सामानाकडे पाहिलं.

"मशीन कुठंय?"

"तिकडेच राहिलं."

"राहिलं? मग हा रिपोर्ट कुठून आला?" तिने फोन काढला. "मी म्हटलं विमानात लावून बसलात की काय. काल दुपारी एकपासून सलग एकोणीस तास. आणि थांबे बघा तरी!" ती हसली. "एक. अख्ख्या एकोणीस तासांत फक्त एक! असा रिपोर्ट कधी आलाच नाही, बाबा."

"किती सेकंदांचा?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

तिने बोटाने पडदा सरकवला. कपाळावर आठी पडली. "अडकलंय वाटतं हे. अगदी शेवटचा आहे. चार हजार एकशे बारा... तेरा... वाढतोच आहे आकडा. थांबा, बंद करून परत चालू करते."

"नको." त्याने तिचा हात धरला. "नको बंद करू. राहू दे."

माणसं त्यांना वळसा घालून जात होती. कोणीतरी ट्रॉली नेताना पायावर घातली, माफी मागितली. चौदा. पंधरा. सोळा. फिटर दोन्ही हातांत मुलीचा फोन धरून उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा," मुलीने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. ती घाबरली होती. "बाबा, श्वास सोडा ना. किती वेळ धरून ठेवलाय?"